घाटावरचे खडूचे गोल

लांजेवार काकूंनी माझ्या निर्माल्याभोवती खडूचा गोल काढला, तेव्हापासून आमची ओळख.

लग्न होऊन मी वर्ध्याहून जबलपूरला, तिथल्या गढा भागात आले, त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. घरच्या महालक्ष्म्या उठल्या आणि सासूबाईंनी फुलं, पत्री, दोरे, सगळं एका पॉलिथिनच्या पिशवीत बांधून माझ्या हातात दिलं. "तलावात सोडून ये वो," म्हणाल्या. आमच्या घरामागची गल्ली उतरली की तलाव. त्याला अकरा काळ्या पायऱ्यांचा एक लहानसा घाट. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ, आणि मला पाण्याची भीती. मी पिशवी तिसऱ्या पायरीवर ठेवली, हात जोडले आणि मागे न पाहता घरी आले. देवाचं आहे, देव नेईल उचलून.

देवानं काही नेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पिशवी तिथंच, आणि तिच्याभोवती पांढराशुभ्र, अगदी वाटोळा गोल. शेजारी गुटख्याच्या पुडीभोवती एक छोटा गोल, नारळाच्या शेंडीभोवती एक, फुटक्या पणतीभोवती एक. ऊन अजून कोवळं होतं, पाण्यावरून हलका वाफारा उठत होता आणि सगळा घाट कोणीतरी झोपेत रांगोळी काढून ठेवल्यासारखा दिसत होता. मी खुळ्यासारखी बघतच राहिले. वरच्या पायरीवर एक किडकिडीत बाई बसल्या होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट!

"तुझंच हाय न वो ते?" त्यांनी विचारलं. मराठीत.

"तुम्हाला कसं कळलं?"

"गाठ पाह्य. अशी दुहेरी गाठ आपल्याच बाया मारतात. घेऊन जाय. फुलं झाडाखाली टाक आन् पिशवी धुऊन वाळव. देवानं काय पिशवी मागतली होती?"

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. पण परक्या गावात, त्या हिंदीच्या गलबल्यात, आपल्या भाषेत कोणी रागावलं म्हणून जीव सुखावलाही.

काकू संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत तपासणीला होत्या. यजमान लवकर गेले, मुलगा पुण्यात. फॅक्टरीतली त्यांची नोकरी म्हणजे टेबलावर आलेला एकेक तुकडा मापाला लावून बघायचा आणि चुकलेल्याभोवती खडूचा गोल काढून तो तिथंच ठेवायचा. ज्यानं बनवला त्यानं स्वतः येऊन न्यायचा. "कोणावर वरडायचं नाही," त्या सांगत. "नाव घ्यायचं नाही. गोल काढायचा फक्त. माणूस आपोआप येते." निवृत्त झाल्या तशी ती सवय घेऊन त्या घाटावर आल्या. सकाळी पायऱ्या कोरड्या असताना चष्म्याच्या डबीतून खडू काढायचा आणि वरून खाली एकेक पायरी तपासायची. हात लावायचा नाही, उचलायचं नाही. दिवसभर ते गोल तसेच. संध्याकाळी जे उरेल ते गोणीत भरायचं आणि तांब्याभर पाण्यानं गोल पुसून टाकायचे.

लोक आधी हसले. 'खडूवाली अम्मा' असं नावही पडलं. मग हळूहळू गंमत झाली. पुडी टाकणारा संध्याकाळी पुन्हा त्याच जागी बसायला यायचा, गोल बघायचा, इकडेतिकडे पाहून पुडी उचलायचा आणि खिशात घालायचा. रिकामा गोल मागे राहायचा. रिकामे गोल वाढले की काकू खूश. पोरी त्याच गोलांत ठिकरी टाकून बिल्लस खेळायच्या, त्याला काकूंची ना नव्हती.

नुसती झाडलोट एवढंच त्यांच्या डोक्यात होतं असं मात्र समजू नका. घाट कोणी कसा वापरायचा याचा एक नकाशाच त्यांच्याजवळ होता. आंघोळवाले उजवीकडे. कपडे धुणाऱ्या डावीकडे, साबणाचं पाणी बाहेरच्या नालीत जाईल अशा बेतानं. भिंतीच्या आडोशाला बाया साड्या बदलतात, तर पुरुषांनी तिकडे पाठ करून बसायचं, आणि मोबाइल खिशात. माशांना पाव टाकायचा नाही. आणि अगदी शेवटच्या पायरीवर कोणी बसायचं नाही, कारण तिथून शिंगाडेवाले पाण्यात उतरतात. "त्यांचं हापिस हाय ते," काकू म्हणत. "तुमच्या हापिसात कोणी येऊन दारात बसते का?"

एवढं सगळं केलं की त्या वरच्या पायरीवर येऊन बसत आणि तलाव बघत. तास तास. पावसाळा सरला की शिंगाड्याच्या पानांनी पाणी झाकून जायचं, त्यातून एखादी पाणकोंबडी चालत निघायची, पलीकडे मदनमहालच्या टेकडीचे काळे दगड उन्हात हळूहळू तापत जायचे. मी भाजी आणायला निघालेली, पिशवी हातात, आणि त्यांच्याजवळ बसले की उठणं होत नसे. एकदा विचारलं, "काय पाहता हो काकू इतकं?"

"काई नाही वो. पाणी पाहून राह्यली. बस की, बोलू नको."

त्या घाटावर काकूंची कोणी मैत्रीण म्हणावी अशी एकच, फूलवती. ती आणि तिचा नवरा तलावात शिंगाडे लावायचे. तो ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर आडवा पडून पाण्यात फिरायचा, वेल उलटवून शिंगाडे तोडायचा, आणि ही वर चूल मांडून उकडून विकायची. त्यांची मैत्रीही भांडणातून झाली. फूलवतीच्या शेजारी शिंगाड्याच्या सालांचा हा ढीग! काकूंनी एक दिवस त्या अख्ख्या ढिगाभोवती गोल काढला. चांगला खाटेएवढा. फूलवती उठली. तिनं आपली टोपली उचलली, गोलाच्या आत नेऊन ठेवली, मधोमध मांडी घातली आणि म्हणाली, "अच्छा करो अम्मा. अब इत्ती हमाई दुकान."

काकू एवढ्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्या दिवसापासून सालं एका फुटक्या घमेल्यात जमू लागली आणि तिथून शेजारच्या बकऱ्यांना. संध्याकाळी दोघी शेजारी बसायच्या. काकूंची हिंदी फॅक्टरीतली, हुकूम सोडल्यासारखी. फूलवती बुंदेली वळणानं, गाणं म्हटल्यासारखी बोलायची. काय बोलायच्या कोण जाणे. मी जाऊन बसले की गप्प व्हायच्या.

आता मला ते सांगायचं आहे, जे सांगायला अजून जड जातं.

एका वर्षी काकू दिवाळीला महिनाभर पुण्याला, मुलाकडे गेल्या. त्या नसताना, ऐन शिंगाड्याच्या दिवसांत, फूलवतीचा नवरा सकाळी नेहमीसारखा पाण्यात उतरला. तलावाच्या मध्यावर त्याच्या छातीत कळ आली. लोकांनी ट्यूब ओढत त्याला पलीकडच्या काठाला लावलं, तिथूनच दवाखान्यात नेलं, आणि दोन दिवसांत तो गेला. त्याच्या रबरी चपला घाटावरच राहिल्या. शेवटून दुसऱ्या पायरीवर, भिंतीच्या कोपऱ्यात, जशा काढल्या होत्या तशाच. फूलवती घाटावर आली तेव्हा तिनं त्या पाहिल्या आणि हात लावला नाही. मग कोणीच लावला नाही. आंघोळीला येणारे त्यांना वळसा घालून जायचे. कोणी ठरवलं नव्हतं, पण तसंच चाललं होतं.

काकू पुण्याहून परत आल्या त्याच सकाळी घाटावर गेल्या. महिनाभराचा कचरा साचलेला. त्यांनी खडू काढला आणि कामाला लागल्या. कोपऱ्यातल्या चपलांभोवतीही गोल काढला. फूलवती तेव्हा तेराव्यानंतर आठ दिवस माहेरी गेली होती. तीन दिवस काकूंनी वाट पाहिली. वापरायची वस्तू असली की त्या गोलासकट तीन दिवस ठेवत, हा त्यांचा नियम. चौथ्या दिवशी चपला कचरागाडीत गेल्या.

तो गोल मी पाहिला होता. तीनही दिवस पाहिला होता. मला वाटलं, फूलवतीचा नवरा गेल्याचं काकूंना कळलं होतं, तसं चपलांचंही कोणीतरी सांगितलं असेलच, त्यांनी मुद्दाम मानानं गोल काढला असेल, जपून ठेवायला. सगळ्यांनाच तसं वाटलं असावं. एवढ्या माणसांतून एकानं तोंड उघडलं असतं तर! पण नाही उघडलं. मीसुद्धा नाही.

त्या चौथ्या दिवशीच दुपारी फूलवती परत आली. पायऱ्या उतरून कोपऱ्यापाशी उभी राहिली. पांढरा गोल तेवढा होता, आत काही नव्हतं.

"अम्मा, इते चप्पलें धरी थीं."

"हाँ, तीन दिन से पड़ी थी," काकू वरून म्हणाल्या. आवाजात जरा फुशारकीच होती, महिनाभराची घाण चार दिवसांत काढली होती ना. "कोई आया नहीं. मैंने गाड़ी में डाल दी."

"उनकी थीं," फूलवती म्हणाली.

एवढंच. ती आली तशी पायऱ्या चढून गेली. काकू माझ्याकडे वळल्या. "कोनाची म्हनते ते?" मी सांगितलं. सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि खडूची डबी उघडत होत्या, मिटत होत्या. मग म्हणाल्या, "आन् तू पाहून राह्यली होती?" त्या एका वाक्यानंतर त्यांनी मला त्याबद्दल कधीही बोल लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन त्या ऑटोनं कचरा टाकतात त्या मैदानावर गेल्या. गावाबाहेर, केवढा तो डोंगर! कचरा वेचणाऱ्या बायांना काकूंनी फॅक्टरीच्या हिंदीत विचारलं, निळ्या पट्ट्याच्या रबरी चपला, मर्दानी. त्यातली एक बाई हसली आणि बोटानं दाखवलं. तिनं चपलांचा वेगळा ढीग केला होता. त्यात निळ्या पट्ट्याच्याच शेकडो. काकू खाली बसल्या आणि एकेक हातात घेऊन बघू लागल्या. दुपारपर्यंत बघत होत्या. आयुष्यभर सुईएवढा फरक ओळखणारी बाई, पण मुळात त्या चपलांकडे त्यांनी कधी नीट पाहिलंच नव्हतं, तर ओळखणार काय! शेवटी मी म्हटलं, "यातलीच एक जोडी तिला नेऊन देऊ..." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ऑटो बोलवायला उठले.

फूलवतीनं घाट सोडला. पलीकडच्या काठाला म्हशी उतरतात, तिथून ती पाण्यात जायला लागली. आता ट्यूबवर तीच आडवी पडायची. त्या बाजूला पायरी नाही, नुसता चिखल, आणि चिखलात लोकांनी फेकलेल्या बाटल्यांच्या काचा. ती अनवाणी. काकू रोज सकाळी वरच्या पायरीवर बसून पाण्यापलीकडची ती ठिपक्याएवढी बाई बघायच्या. मी जवळ बसले तरी त्यांना कळायचं नाही.

आठवडाभर त्यांनी खडूला हात लावला नाही. घाट बघता बघता घाण झाला. मग पुन्हा सुरू केलं, पण आता गोल काढण्याआधी उभ्या राहून तीनदा हाक मारायच्या, "ये किसका है, भैया? किसका है?" फुटकी बादली असो की पोराचा एक मोजा असो. आजूबाजूच्या घरांतून बाया खिडकीत येऊन "हमारा नहीं, अम्मा" असं सांगायच्या, तेव्हा कुठं खडू टेकायचा. या हाका पाण्यावरून पलीकडे नक्की जात असणार. तिकडून कधी उत्तर आलं नाही.

आणि एक दिवस मला कळलं की घाटावर यायच्या आधी काकू पलीकडे जातात. फटफटलं की निघतात. मी मुद्दाम मागे गेले. सत्तरी उलटलेली बाई, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, कॅनव्हासचे बूट हातात, म्हशींच्या त्या चिखलात वाकून बोटांनी काचा वेचून राहिलेली. धुकं असं दाट की तलाव कुठं सुरू होतो ते दिसत नव्हतं. काकू पाण्यात आहेत की हवेत, हेही कळत नव्हतं. मी हाक मारली नाही. फूलवतीला हे कळलं होतं का? मला वाटतं, पायांना कळलंच असणार. पण ती घाटावर आली नाही.

"काकू, सरळ जाऊन माफी मागा ना," मी म्हटलं.

"कशी मागू वो? 'माफ करना' तर बाजारात धक्का लागला तरी म्हनते मानूस. येवढंसं वाटते ते. अन् मोठं काई मले त्या भाषेत येत नाही."

पावसाळा आला. नागपंचमीला गढ्यातल्या बाया पळसाच्या द्रोणात माती घालून गहू पेरतात आणि घरात अंधाऱ्या जागी ठेवतात. उन्हाशिवाय उगवलेली ती पाती पिवळीधम्मक, मऊ होतात. त्या कजलिया. राखीच्या दुसऱ्या दिवशी गाणी म्हणत तलावावर न्यायच्या, माती धुऊन टाकायची आणि चार चार पाती एकमेकांच्या कानामागे खोचून गळ्यात पडायचं. वर्षभराचा रुसवाफुगवा त्या दिवशी संपतो. ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलं असेल, तिथं आधी जायचं. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा गहू पेरला. कपाटामागे ठेवलेला द्रोण रोज बॅटरी लावून बघायच्या. मी म्हटलं, "अहो, उजेड लागला तर हिरवी होतील ना," तेव्हा कुठं थांबल्या.

कजलियांच्या संध्याकाळी फूलवतीच्या दारात सगळी वस्ती जमली होती. ती एकेकीची पाती घेत होती, आपली देत होती, गळ्यात पडत होती. काकू रांगेत उभ्या राहिल्या. नंबर आला. फूलवतीनं त्यांची पाती घेतली आणि मुठीत धरली. आपल्या द्रोणाकडे पाहिलं. द्रोणात पाती होती.

"तुमें अगले बरस देबी, अम्मा," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी देईन म्हणे. काकूंनी मान हलवली, जशी काही तारीखच मिळाली, आणि निघाल्या. वाटेत मला फूलवतीचा इतका राग आला! काकूंना मात्र आला नव्हता. "खोट्या मनानं देल्ली नाही तिनं," एवढंच म्हणाल्या.

दसऱ्याला मुलगा पुण्याहून त्यांना कायमचं न्यायला आला. गुडघे गेले होते, घरात एकट्या, त्याचंही बरोबरच होतं. काकू हटून बसल्या. "पुढच्या राखीनंतर येतो. तिनं देतो म्हनून सांगतलं हाय."

मुलगा बाहेर येऊन मला म्हणाला, "ताई, कोण काय देणार आहे हिला?"

"गहू," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

ते वर्ष काकूंनी काठी टेकत काढलं. पलीकडच्या काठाला जाणं थांबलं. घाट वरच्या पायरीवरूनच तपासायच्या आणि खडू घेऊन मी उतरायची. "डावीकडं, अजून डावीकडं. आधी विचार न वो!" मी, एव्हाना नोकरीला लागलेली, ऑफिसची साडी सावरत ओरडायची, "किसका है, भैया?" लाज कधीच गेली होती.

राखीनंतर काकू ठरल्याप्रमाणे पुण्याला गेल्या, आणि त्या हिवाळ्यात तिकडेच वारल्या. मी त्यांना शेवटचं असं डोळे भरून पाहिलं, ते त्या कजलियांच्या दिवशी.

दुपारी चारपासूनच त्या येऊन बसल्या होत्या. पाऊस उघडला होता आणि पाणी इतकं स्थिर की टेकडी उलटी होऊन त्यात झोपली होती. गाणी गल्लीतून उतरत आली, बाया आल्या, द्रोण धुतले, पाती वाटली, हसल्या, पोरांना घेऊन गेल्या. काकूंच्या कानामागे किती जणींनी पाती खोचली. त्या सगळ्यांना आशीर्वाद देत होत्या आणि त्यांचे डोळे म्हशींच्या काठाकडे लागलेले. ऊन पिवळं झालं. मी म्हटलं, "काकू, चला." त्यांनी ऐकलंच नाही.

फूलवती त्या काठानं आलीच नाही. ती आमच्या मागून, गल्लीतून आली. एकटी. द्रोण पदराखाली झाकलेला. जवळजवळ दोन वर्षांनी तिचा पाय त्या घाटाला लागला होता. ती काकूंच्या समोर येऊन एक पायरी खाली उभी राहिली. काकू उठायला गेल्या, काठी घरंगळली, मी धरायला पुढे झाले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. उभ्या राहिल्या. ओठ हलत होते. वर्षभर त्यांनी मला विचारून विचारून हिंदीतली दोन वाक्यं पाठ केली होती. त्यांतलं एकही आलं नाही.

"चुकलं वो माझं, फूलवती," त्या म्हणाल्या. "इचाराले पाह्यजे होतं. मी इचारलंच नाही वो कोनाले."

फूलवतीला मराठीचं अक्षर येत नाही. तिनं पदर बाजूला केला, द्रोणातली पाती उपटली, बोटांनी माती पुसली.

"हओ," ती म्हणाली. "हओ अम्मा, हओ." आणि काकूंच्या कानामागे पाती खोचून झाली तरी तिनं आपला हात तिथून काढला नाही.